नवकंकरी कशी खेळावी: पट आखण्यापासून शेवटच्या तीन सोंगट्यांपर्यंत

नवकंकरी या दोघांनी खेळायच्या पटावरच्या खेळात नवखा माणूस एकाच गोष्टीच्या मागे लागतो. कधी एकदा आपल्या तीन सोंगट्या एका ओळीत येतात आणि समोरच्याची एक उचलतो, असं त्याला होतं. ओळ जमते, सोंगटीही उचलून होते आणि थोड्या वेळाने हाच माणूस चारी बाजूंनी कोंडला जाऊन डाव घालवतो. हलायला जागा ज्याच्याकडे जास्त, त्याचा डाव, हे या खेळाचं खरं गणित आहे. नियम पाच मिनिटांत समजतात, पण हे गणित कुणी नीट सांगत नाही. म्हणून नियम थोडक्यात सांगून पुढे त्यावरच जास्त लिहितो.

पट आणि सोंगट्या

एकात एक असे तीन चौकोन काढा. बाहेरचा ३० सेंटीमीटरचा, मधला २० चा, आतला १० चा. प्रत्येक बाजूचा मध्य घ्या आणि बाहेरच्या चौकोनापासून आतल्या चौकोनापर्यंत चार सरळ रेघा मारा. या रेघा आतल्या चौकोनाच्या बाजूपाशी थांबल्या पाहिजेत, पोटात शिरता कामा नयेत. कोपरे एकमेकांना जोडायचे नाहीत. झाला पट. फरशीवर खडूने काढा, पुठ्ठ्यावर मार्करने काढा, चालतं.

सोंगट्या प्रत्येकी नऊ. कवड्या आणि चिंचोके घ्या, दोन रंगांचे खडे घ्या. घरात कॅरम असेल तर संच तयारच आहे: नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, राणी तेवढी डबीत ठेवा. वर दिलेली मापं कॅरमच्या सोंगट्यांना बरोबर पुरतात.

हा पट आपल्याकडे लेण्यांच्या फरशांवर, किल्ल्यांवर, जुन्या देवळांच्या ओट्यांवर कोरलेला सापडतो. एकदा डोळ्यात बसला की पुढच्या भटकंतीत तो तुम्हाला दिसू लागेल. कुठे कोपरेही तिरक्या रेघांनी जोडलेले असतात, तो वेगळा प्रकार; त्याबद्दल शेवटी. कोरलेला पट सापडला तर फोटो काढा, पण नीट दिसावा म्हणून त्यावर खडू, कोळसा फिरवू नका आणि शेजारी नवा पट तर मुळीच कोरू नका. शेकडो वर्षं ऊन-पाऊस सोसलेली ती रेघ आपल्या हौसेपायी खराब होऊ नये.

खेळ फक्त आपला नाही. स्पेनमधल्या कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ साली करवून घेतलेल्या खेळांच्या हस्तलिखितात तो चित्रासह आहे. जर्मनीत तो ‘म्यूले’ या नावाने आजही घरोघरी खेळतात.

घरांना नावं

पटावर एकूण २४ घरं आहेत. घर म्हणजे रेघांचा कोपरा किंवा जोड. सोंगटी तिथेच बसते. पुढचं समजायला सोपं जावं म्हणून घरांना नावं देऊ. बाहेरच्या चौकोनाला बा, मधल्याला म, आतल्याला आ. प्रत्येक चौकोनात वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने १ ते ८ मोजा. वरचा डावा कोपरा १, वरच्या बाजूचा मध्य २, वरचा उजवा कोपरा ३, उजवीकडचा मध्य ४, खालचा उजवा कोपरा ५, खालचा मध्य ६, खालचा डावा कोपरा ७, डावीकडचा मध्य ८. म्हणजे विषम आकडे कोपऱ्यांचे, सम आकडे मध्यांचे. बा२, म२ आणि आ२ ही तीन घरं एका सरळ रेघेने जोडलेली असतात, तशीच ४, ६ आणि ८ ची.

पुठ्ठ्यावर पट काढला असेल तर ही नावं बारीक अक्षरात लिहूनच टाका. पुढचं वाचताना सोंगट्या मांडत गेलात तर खरा उपयोग होईल.

नियम

एकाच रेघेवर लागून असलेल्या तीन घरांत तुमच्या तीन सोंगट्या आल्या की झाली तिकडी. अशा तिकड्या १६ होऊ शकतात: प्रत्येक चौकोनाच्या चार बाजू म्हणजे १२, आणि चौकोन जोडणाऱ्या रेघांवरच्या चार. वळणावरची तिकडी धरत नाहीत.

डावाचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात दोघं आळीपाळीने एकेक सोंगटी रिकाम्या घरात ठेवतात. नऊ-नऊ ठेवून होईपर्यंत पटावरची सोंगटी हलवायची नाही. दुसऱ्यात आपली एक सोंगटी रेघेवरून लागूनच्या रिकाम्या घरात सरकवायची. उडी नाही, दोन घरं एकदम नाहीत. तिसरा टप्पा ज्याच्याकडे तीनच सोंगट्या उरल्या त्याचा: त्याला पटावरच्या कुठल्याही रिकाम्या घरात सोंगटी नेता येते. समोरच्याकडे चार किंवा जास्त असतील तर तो मात्र सरकतच खेळतो.

कुठल्याही टप्प्यात तिकडी जुळली की समोरच्याची एक सोंगटी पटावरून उचलायची. ती कायमची गेली. त्याच्या तिकडीतली सोंगटी उचलता येत नाही. त्याच्या सगळ्याच सोंगट्या तिकड्यांत असतील तरच ती मुभा. तुमची तिकडी मोडून पुन्हा जुळवलीत तर ती नवी धरतात आणि पुन्हा एक सोंगटी मिळते.

समोरच्याकडे दोनच सोंगट्या उरल्या किंवा त्याला एकही चाल उरली नाही, तर तुम्ही जिंकलात.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या, म्हणजे भांडण नाही. तिसऱ्या टप्प्यातली मोकळी चाल धरायची की नाही? मांडताना एकाच सोंगटीने दोन तिकड्या एकदम जुळल्या तर एक उचलायची की दोन? (मी एकच धरतो.) आणि तीच ती स्थिती तिसऱ्यांदा आली तर डाव बरोबरीत सोडायचा का? तो सोडावाच, नाहीतर रात्र सरते.

मांडणी: अर्धा डाव इथेच ठरतो

सगळी घरं सारख्या मोलाची नाहीत. कोपऱ्यातून बाहेर पडायला दोनच वाटा असतात. बाहेरच्या आणि आतल्या चौकोनाच्या मध्यांना तीन. आणि म२, म४, म६, म८ या चार घरांना चार-चार वाटा आहेत. पहिली सोंगटी या चारांपैकी एकावर ठेवा. दुसरीही तिथेच मिळाली तर घ्या, पण चारही बळकावायचा हट्ट नको. चांगल्या डावात ती साधारण दोन-दोन वाटली जातात.

कोपरे सुरुवातीला टाळा. कोपऱ्यातली सोंगटी कोंडायला समोरच्याला दोनच सोंगट्या लागतात आणि तो मांडता मांडता सहज तेवढं करून जातो.

आता एक छोटा डाव मांडून बघा. पांढरा पहिला.

पांढरा म४, काळा म८. पांढरा म२, काळा बा६. काळ्याची ही दुसरी सोंगटी चुकली. का, ते आता कळेल. पांढरा म३ वर ठेवतो. त्यामुळे वरच्या बाजूला म२–म३ अशी जोडी झाली, तिला म१ हवं; आणि उजव्या बाजूला म३–म४ अशी जोडी झाली, तिला म५ हवं. काळा एकच घर अडवू शकतो. म४ आणि म२ असे दोन लागूनचे मध्य पांढऱ्याने धरल्याबरोबर काळ्याने मधल्या कोपऱ्यावर, म३ वर, बसायला हवं होतं.

पुढे जाऊ. काळा म१ अडवतो, त्याची स्वतःची म८–म१ ही जोडी तयार होते आणि म७ वर त्याचा डोळा आहे. पांढरा म५ ठेवून तिकडी जुळवतो. कुठली उचलावी? म१. त्याने काळ्याची जोडी फुटते आणि पांढऱ्याची म१ वरची धमकी पुन्हा उभी राहते. काळ्याला नवी सोंगटी पुन्हा म१ वरच ठेवावी लागते. आता म७ वर धोका आहे, म्हणून पांढरा म७ धरतो. त्याच सोंगटीने खालच्या बाजूला म५–म७ अशी जोडी होते आणि मध्ये म६ रिकामं राहतं. काळा म६ अडवतो. त्यामुळे त्याची बा६–म६ जोडी झाली, म्हणून पांढरा आ६ वर.

ही अशी मांडणी असते: प्रत्येक सोंगटीने अडवायचंही आणि धमकावायचंही. नुसती अडवणारी सोंगटी ठेवावी लागली की समजा, सूत्रं समोरच्याच्या हातात गेली.

आता पटाकडे नीट पाहा. पांढऱ्याच्या सहा, काळ्याच्या चार. पांढरा खूश असेल. पण त्याची तिकडी म३–म४–म५ हलते कुठून? म५ ला म६ वर काळा आडवा आहे. म३ ला एकीकडे म२, दुसरीकडे म४, दोन्ही आपल्याच. उरल्या वाटा म४ च्या, बा४ आणि आ४. आणि म२ च्या, बा२ आणि आ२. काळ्याच्या हातात चार सोंगट्या आहेत. या चार घरांत त्या बसल्या तर म२, म३, म४, म५ या चारही सोंगट्या जागच्या जागी गारद. एक सोंगटी जास्त असून पांढरा अडकला. तेव्हा उरलेल्या तीन सोंगट्या मांडताना पांढऱ्याने दुसऱ्या तिकडीची हाव सोडून यातली निदान एक वाट स्वतःसाठी राखली पाहिजे. नवकंकरीतले बहुतेक डाव इथे फिरतात.

शेवटची सोंगटी नेहमी दुसऱ्या खेळाडूची असते, आणि सरकायला सुरुवात पहिला करतो. दुसरे असाल तर ती शेवटची सोंगटी कुठे ठेवली की समोरच्याची पहिली चाल अवघड होईल, याचा विचार दोन सोंगट्या आधीपासून करा. एकही सोंगटी गेली नसेल तर मांडणी संपताना पटावर सहाच घरं रिकामी उरतात.

सरकताना: तिकडी मोडायची कशी

दुसऱ्या टप्प्यातलं मुख्य काम म्हणजे जुळलेली तिकडी मोडणं आणि परत जुळवणं. सोंगटी बाहेर काढली की मध्ये समोरच्याची एक चाल होते. त्या चालीत तो रिकाम्या झालेल्या घरात घुसला तर तिकडी गेली. म्हणून मोडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मी जे घर सोडतोय त्याला लागून समोरच्याची सोंगटी आहे का?

समजा तुमची तिकडी बा३–बा४–बा५ अशी आहे. बा५ ची सोंगटी बा६ वर काढा. बा५ ला लागून दोनच घरं: बा४ आणि बा६. दोन्ही तुमचीच. समोरचा बा५ मध्ये घुसूच शकत नाही. पुढच्या चालीला परत बा५, सोंगटी तुमची. चौकोनाच्या कुठल्याही बाजूवरची तिकडी कोपऱ्याच्या सोंगटीने मोडली तर हे असंच होतं, कारण कोपऱ्याला दोनच शेजारी. (मोकळी चाल मिळालेला माणूस मात्र कुठेही घुसतो, हे विसरू नका.)

याउलट म३–म४–म५ मधली म४ तुम्ही बा४ वर काढलीत आणि काळा आ४ वर बसला असेल, तर तो सरळ म४ मध्ये येऊन बसतो. बा२–म२–आ२ सारख्या आडव्या-उभ्या जोडरेघेवरच्या तिकड्याही अशाच कच्च्या: बा२ ची सोंगटी बा१ वर काढली तर बा३ कडून शिरकाव होतो. त्या मांडणीत सोंगटी मिळवायला छान, पण पुढे पुन्हा पुन्हा मोडून-जुळवायला बाजूंवरच्याच तिकड्या भरवशाच्या.

हेच उलटं वाचलं की बचाव मिळतो. बा३–बा४–बा५ ला बाहेर पडायच्या वाटा तीनच: बा२, बा६ आणि म४. तिथे तुमच्या तीन सोंगट्या बसवा, ती तिकडी दगडासारखी पडून राहील. समोरच्याच्या तीन सोंगट्या तुम्ही तीनने थोपवल्या, हा सौदा काही वाईट नाही.

झुलती तिकडी

या खेळातलं सगळ्यात जबर हत्यार. पांढऱ्याच्या सोंगट्या बा१, बा२, बा३, म१ आणि म३ वर आहेत, म२ रिकामं. आता बा२ ची सोंगटी म२ वर आली की म१–म२–म३ तिकडी. परत बा२ वर गेली की बा१–बा२–बा३ तिकडी. झोपाळ्यासारखी एकच सोंगटी पुढे-मागे, आणि दर चालीला समोरच्याची एक सोंगटी जाते. तीन-चार चालींत खेळ खलास.

याला उतारा एकच, आ२. सोंगटी बा२ वर परत गेली की म२ रिकामं होतं आणि आ२ वरचा काळा तिथे शिरू शकतो. म्हणून समोरच्याची एक तिकडी आणि तिच्या समांतर दोन सोंगट्या दिसू लागल्या की तिसऱ्या चौकोनातलं मधलं घर ताबडतोब धरा. आणि झुलती तिकडी तुमची असेल तर पहिल्याच झोक्याला आ२ वरचा तो पहारेकरी उचला, बाकी कुणी कितीही त्रासदायक वाटलं तरी. समोरच्याला हे ठाऊक असेल तर तो पहारेकरी आधीच एखाद्या तिकडीत बसवून ठेवेल, म्हणजे उचलता येणार नाही.

कुठली सोंगटी उचलावी

सगळ्यात आधी, पुढच्या चालीला तिकडी जुळवू शकेल अशी जोडी फोडा. तसा धोका नसेल तर तुमच्या तिकडीची वाट अडवून बसलेली उचला. तोही नसेल तर ज्या सोंगटीला सगळ्यात जास्त मोकळ्या वाटा आहेत ती. कोपऱ्यात कोंडलेली सोंगटी कधीही उचलू नका. ती त्याच्या संख्येत धरली जाते, पण खेळात नाही. शिवाय ती उचलली की रिकाम्या झालेल्या जागेतून त्याच्या दुसऱ्या सोंगटीला श्वास मिळतो. ही चूक चांगले खेळणारेही करतात, कारण ती सोंगटी हाताशी असते.

कोंडून जिंकायचं मनात असेल तर दर चालीला समोरच्याच्या शक्य चाली मोजा. सात, पाच, तीन असा आकडा उतरत असेल तर तिकडी जुळवायची संधी सोडूनही कोंडणं चालू ठेवावं. सोंगटी उचलणं म्हणजे त्याच्या पटात एक घर रिकामं करून देणं, आणि कोंडायला निघालेल्याने तेच करायचं नसतं.

तीन सोंगट्या उरल्यावर

समोरच्याच्या चार सोंगट्या आहेत आणि तुमची तिकडी जुळतेय. घाई करू नका. चौथी उचलली की त्याला मोकळी चाल मिळते, आणि चारपेक्षा तीनवाला जास्त चिवट ठरू शकतो.

उचलण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, उरलेल्या तिघींपैकी कुठल्याही दोन एका रेघेवर असून त्यांचं तिसरं घर रिकामं आहे का? असेल तर तिसरी तिथे जाऊन बसते आणि तुमचीच सोंगटी जाते. अशी जोडी उरणार नाही असं पाहूनच उचला. दुसरी, तुमच्याकडे पुढच्या चालीला जुळू शकतील अशा दोन वेगळ्या तिकड्या तयार आहेत का? त्याला एका चालीत एकच घर अडवता येतं. दोन धमक्या असतील तर दुसरी जुळते आणि डाव संपतो. एकच असेल तर तो ती अडवेल, तुम्ही नवी उभी कराल, तो तीही अडवेल. अशा वेळी चार सोंगट्यांवरच त्याला ठेवून आधी दुसरी धमकी बांधा, मग उचला.

तीनवर तुम्ही आला असाल तर दर चालीला आधी अडवा, मग अडवत असतानाच आपल्या दोन एका रेघेवर येतील असं घर शोधा. दोघंही तीन-तीनवर आले तर ज्याची चाल त्याचं पारडं जड.

दोघांनी बिनचूक खेळ केला तर नवकंकरी बरोबरीत सुटते. झुरिकमध्ये राल्फ गॅसर या संशोधकाने १९९३ साली संगणकाच्या मदतीने हे सिद्ध केलं. पण पटावर बसलेली दोन माणसं बिनचूक खेळत नाहीत, तेव्हा त्याने मजा कमी होत नाही.

लहानांसाठी आणि सरावलेल्यांसाठी

सात-आठ वर्षांच्या मुलांना थेट नऊवर बसवू नका. एकच चौकोन, त्याचे दोन कर्ण आणि मध्य जोडणाऱ्या दोन रेघा काढा. नऊ घरं, प्रत्येकी तीन सोंगट्या. तीन मांडायच्या, मग सरकवायच्या, पहिली ओळ साधेल तो जिंकला. मधलं घर धरणारा फार वरचढ ठरतो, म्हणून पहिली सोंगटी मध्ये ठेवायची नाही असा नियम करा.

हात बसल्यावर बारांचा डाव खेळा: तिन्ही चौकोनांचे कोपरे तिरक्या रेघांनी जोडायचे, त्यांवरच्या चार तिकड्याही धरायच्या, सोंगट्या प्रत्येकी बारा. दक्षिण आफ्रिकेत हाच खेळ ‘मोराबाराबा’ म्हणून खेळतात आणि सोंगट्यांना गाई म्हणतात. इथे कोपऱ्यांनाही वाटा वाढतात, त्यामुळे वर सांगितलेला कोपऱ्याच्या सोंगटीचा बिनधोक डाव चालत नाही: बा५ सोडलं तर म५ कडून कुणी घुसू शकतं. आणि मांडताना एकही तिकडी झाली नाही तर २४ घरं भरून जातात, कुणालाच चाल उरत नाही. तो डाव बरोबरीचा धरून पट पुन्हा मांडायचा, पहिली सोंगटी या वेळी दुसऱ्याने ठेवायची.